आयव्हीएफ सुलभ मार्गदर्शिका : माणगाव तालुका आवृत्ती

ही मार्गदर्शिका लग्नाला वर्ष-दोन वर्षं झालेल्या आणि ‘काय मग, गोड बातमी कधी?’ या प्रश्नाला हसून हसून गाल दुखायला लागलेल्या जोडप्यांसाठी आहे. पुण्या-मुंबईच्या जोडप्यांसाठी वेगळी आवृत्ती निघते. ती पातळ असते, कारण तिच्यात प्रवासाचा धडा नसतो. ही आवृत्ती रायगड जिल्ह्यातल्या माणगाव, निजामपूर, इंदापूर, गोरेगाव, लोणेरे, मोर्बा आणि आसपासच्या वाड्यांसाठी. पूर्वज्ञानाची अट नाही. बेरीज आली म्हणजे झालं; वजाबाकी आपोआप होत जाते.

आधी विज्ञान उरकून घेऊ. बाईच्या शरीरात एरवी महिन्याला एक स्त्रीबीज पिकतं. रोज इंजेक्शनं देऊन ती एकदम आठ-दहा पिकवतात, भूल देऊन सुईनं बाहेर काढतात, प्रयोगशाळेत शुक्राणूंशी त्यांची गाठ घालून देतात आणि तीन किंवा पाच दिवस वाढवलेला गर्भ परत गर्भाशयात सोडतात. झालं विज्ञान. उरलेली पुस्तिका पैशांविषयी आहे.

लागणारं साहित्य

१. सोनं, जमेल तेवढं. अंगावरचं चालेल.
२. जमिनीचा सातबारा. नावं जितकी कमी तितकं बरं.
३. महिन्यातून सहा-सात वेळा ‘जरा काम आहे’ एवढ्यावर रजा देणारा मालक.
४. थर्माकोलचा डबा आणि बर्फ.
५. एक पक्कं खोटं कारण. ते दोघांनी एकच सांगायचं आहे, हे विसरू नये.
६. आरोग्य विमा. हा ऐच्छिक आहे. उपयोग नाही, पण फाइलीत शोभतो.

धडा पहिला : आजार आहे का ते ठरवणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार बारा महिने किंवा जास्त काळ नियमित, साधनांशिवाय संबंध ठेवूनही दिवस गेले नाहीत, तर तो प्रजनन संस्थेचा आजार. २०२३ साली याच संघटनेनं सांगितलं की जगात साधारण सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी याला तोंड द्यावं लागतं. म्हणजे हा आजार दुर्मीळ नाही, लाजिरवाणा नाही आणि कुणाच्या मागच्या जन्माचा नाही.

एवढं वाचून थेट डॉक्टरांकडे जाल तर क्रम चुकला. प्रथेप्रमाणे आधी नवस. मग कुणाच्या तरी ओळखीतल्या वैद्याची पुडी. मग बाईची सोनोग्राफी. मग बाईचं रक्त. मग बाईच्या नळ्या मोकळ्या आहेत का बघायचा एक्स-रे, ज्यात डोळ्यांतून पाणी येतं. मग बाईची दुर्बीण. आणि हे सगळं उरकलं की वर्ष-दीड वर्षानं पुरुषाची तपासणी.

पुरुषाची तपासणी काही शेकड्यांत होते. सुई टोचत नाही, भूल लागत नाही, अहवाल त्याच दिवशी हातात येतो. सगळ्या तपासण्यांत ती स्वस्त आणि सोपी आहे, म्हणूनच ती शेवटी ठेवायची पद्धत असावी. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडची अडचण एकटी किंवा वाटेकरी म्हणून असते. तरी डॉक्टरांनी ‘दोघांची फाइल एकत्र काढू’ म्हटलं की नवरोबा ठरलेलं वाक्य बोलतात : ‘माझं कशाला सर? मी एकदम फिट. रोज शेतावर जातो, गुटखासुद्धा सोडला.’ हे वाक्य घरातच एकदा म्हणून घ्यावं आणि दवाखान्यात म्हणू नये. बायकोची एक दुर्बीण आणि काही हजार रुपये वाचतात.

याच धड्यात आणखी एक गोष्ट गंभीरपणे शिकून ठेवा. आपल्याकडे गर्भनलिका बंद होण्याचं एक मोठं कारण जननमार्गाचा क्षयरोग आहे. त्यात खोकला नसतो, कधी तापही नसतो. निदान वेळेत झालं तर औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. परिशिष्ट सोडलं तर या मार्गदर्शिकेत फुकट असलेली ही एकच पायरी. फुकट आहे म्हणून ओलांडून जाऊ नका.

धडा दुसरा : प्रवास

माणगावात उपजिल्हा रुग्णालय आहे, सोनोग्राफी आहे, चांगले स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. पण ‘मोठा इलाज’ म्हटला की तालुका पनवेल, मुंबई किंवा पुण्याकडे तोंड करतो. उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर पनवेल, घाट चढून तेवढ्याच अंतरावर पुणे. उपचार पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतो आणि पुढे दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफीला हजर राहावं लागतं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. पाळी एवढ्या आधी तारीख कळवत नाही. तेव्हा उभ्यानं जाण्याचा सराव ठेवावा.

रस्त्यानं जाणार असाल तर मुंबई-गोवा महामार्ग आहेच. त्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेली मुलं आज दाढी-मिशीच्या उंबरठ्यावर आहेत आणि इंदापूर-माणगावची कोंडी अजून पाळण्यात आहे. यावरून काही नियम निघतात. गणपतीच्या आठवड्यात उपचार सुरू करू नये. मे महिन्यात लग्नाच्या तिथी बघून करावा. पावसाळ्यात ताम्हिणी घाटात दरड कोसळणार नाही अशी तारीख अंडाशयाला कळवावी.

एका दिवशी मात्र चेष्टा चालत नाही. बीजं पिकली की शेवटचं इंजेक्शन देतात आणि त्यानंतर चौतीस ते छत्तीस तासांत ती काढावी लागतात. त्या वेळेआधी काढली तर ती कच्ची राहतात, वेळ टळली तर सुटून जातात, आणि सुटली की सगळा महिना, सगळी इंजेक्शनं, सगळे पैसे सुटले. डॉक्टर इंजेक्शनाला ‘रात्री साडेदहा’ म्हणाले म्हणजे साडेदहा. वडखळला कंटेनर आडवा पडला होता हे कारण एसटीच्या कंडक्टरला पटतं, बीजाला पटत नाही. म्हणून समजूतदार जोडपी आदल्या रात्रीच पनवेलला लॉजवर उतरतात. लॉजचं भाडं कुठल्याच पॅकेजमध्ये नसतं.

आता इंजेक्शनांची वाहतूक. यातली बरीचशी दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागतात. पनवेलचा मेडिकलवाला ती थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पाकिटात बांधून देतो. एसटीत डबा मांडीवर घ्यावा; खाली ठेवला तर इंजिनाची आणि वर ठेवला तर उन्हाची धग लागते. शेजारच्या काकी विचारतातच, ‘मासळी नेताव का गो?’ हो म्हणावं. घरी आल्यावर फ्रीजमध्ये, मधल्या खणात, दुधाच्या पिशवीआड ठेवावं. सासूबाईंनी बघितलंच तर ‘यांच्या साखरेचं आहे’ असं सांगू नये. दुसऱ्या दिवसापासून कारल्याचा रस सुरू होतो.

वीज गेली तर? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडावरून गेलं तेव्हा कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. चक्रीवादळ नसतानाही वळवाचा एक पाऊस पुरतो. शेजारी इन्व्हर्टर कुणाकडे आहे हे उपचार सुरू होण्याआधी माहीत असावं आणि त्या घराशी भांडण असल्यास मिटवून घ्यावं.

धडा तिसरा : पॅकेज वाचायला शिकणे

डॉक्टरांच्या खोलीनंतर एक लहान खोली असते. तिथे एसी जास्त असतो, भिंतीवर गुबगुबीत बाळांचे फोटो असतात आणि त्यातलं एकही बाळ आपल्याकडचं दिसत नाही. टेबलामागच्या मॅडम अतिशय प्रेमळ असतात. त्या कागदावर एक आकडा लिहितात, त्याखाली दोन रेघा मारतात आणि कागद आपल्याकडे फिरवतात.

‘सर, हे पॅकेज.’

‘यात सगळं आलं?’

‘सगळं आलं, सर. औषधं वेगळी.’

नवशिक्यांनी ‘औषधं वेगळी’ या दोन शब्दांवर थांबावं. पॅकेजमध्ये काय आहे हे विचारायचंच नसतं. काय नाही ते विचारायचं असतं. पुढे एक सोडवलेलं उदाहरण दिलं आहे. आकडे कल्पित आहेत, चाल खरी आहे.

पॅकेज १,२०,०००. इंजेक्शनं ६५,०००. एकेक शुक्राणू बीजात सोडायची पद्धत, म्हणजे इक्सी, २०,०००. उरलेले गर्भ गोठवून ठेवायचे २५,०००. या महिन्यात गर्भाशय तयार नाही म्हणून पुढच्या महिन्यात गोठवलेला गर्भ सोडायचा, त्याचे ४०,०००. एकूण २,७०,०००. मूल मिळालं का? प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

याशिवाय ‘तुमच्या केसमध्ये हेही करून घेऊ या’ या सदरात काही पदार्थ येतात : गर्भाला चिकटायला मदत करणारा डिंक, गर्भाशयाच्या अस्तराच्या वेगळ्या तपासण्या, स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या पेशी. ब्रिटनच्या एचएफईए या नियामक संस्थेनं अशा जोडउपचारांना पुराव्याच्या बळावर रंग देऊन ठेवले आहेत, आणि हिरवा रंग मिळवणारे थोडे आहेत. आपल्याकडे रंग नाहीत; सगळे पदार्थ एकाच पावतीवर, एकाच काळ्या शाईत येतात. ‘याचा फायदा होतो याला पुरावा काय?’ हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. विचारल्यावर खोलीतला एसी आणखी गार वाटतो, पण पाच-दहा हजार वाचू शकतात.

खरे आकडे हवे असतील तर परळच्या संशोधन संस्थेकडे आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थेनं जोडप्यांचा खर्च मोजला. आयव्हीएफच्या एका प्रयत्नाला सरकारी रुग्णालयात खिशातून साधारण १ लाख १० हजार आणि खासगीत साधारण २ लाख ३० हजार रुपये जातात. विळे-भागाडच्या कारखान्यात ठेकेदाराकडे महिना पंधरा हजारांवर राबणाऱ्या माणसानं पंधरा-सोळा महिने न जेवता, न भाडं देता, मोबाइलचं रिचार्ज न करता काम केलं तर एक प्रयत्न. एक. मूल नव्हे, प्रयत्न.

धडा चौथा : विमा, अर्थात सतरा नंबर

हा धडा सोपा आहे, कारण उत्तर सगळीकडे सारखंच आहे.

आपली पॉलिसी शोधा. ती कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली असते. पहिली पानं सोडा. तिथे हसणारं कुटुंब असतं. शेवटाकडे, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात ‘वगळलेल्या बाबी’ सापडतील. विमा नियामक प्राधिकरणानं २०१९ साली या बाबींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली आणि त्यांना क्रमांक दिले. आठ नंबरला सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया, नवाला धाडसी खेळ, बाराला दारू आणि व्यसनं. आणि सतरा नंबरला आपण. वंध्यत्व, कृत्रिम गर्भधारणा, आयव्हीएफ, इक्सी, सरोगसी, सगळं सतरात. सरळ नाकाची हौस, पॅराग्लायडिंग, पिऊन पडणं आणि मूल न होणं, हे या यादीत शेजारी-शेजारी राहतात.

सतरा नंबर जरा पुढे वाचा, फार पारखून लिहिला आहे. संततिनियमन आणि नसबंदीही त्यातच आहे. केलेली नसबंदी उलटवायची असेल तर तेही त्यातच. म्हणजे मूल हवं असेल तर सतरा, मूल नको असेल तर सतरा, नको म्हणून पुन्हा हवं झालं तरी सतरा. आणि या सगळ्यातून पार होऊन दिवस गेलेच, तर अठरा नंबरला बाळंतपण वगळलेलं आहे.

एजंट भाऊ चांगला माणूस असतो. त्याला फोन करा.

‘दादा, यात ट्यूबबेबी येते का?’

‘वहिनी, यात नाही येत. पण नवीन प्लॅन आलाय, त्यात येते. वेटिंग पिरियड आहे फक्त. दोन-तीन वर्षं.’

‘आणि रक्कम?’

‘लिमिट आहे वहिनी. पण येते.’

असे प्लॅन खरोखर आहेत, आणि कंपन्यांना ते सुचले ही चांगली गोष्ट. फक्त त्यासाठी मूल होणार नाही हे लग्नाआधी दोन-तीन वर्षं माहीत असायला हवं. माहीत असेल तर अर्जात लिहून द्यावं लागतं, आणि लिहून दिलं की तो आधीपासूनचा आजार होतो, ज्याला पुन्हा जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवता येतं. लिहिलं नाही तर दाव्याच्या वेळी ‘माहिती दडवली’. नवस बोलणाऱ्यांना आम्ही पहिल्या धड्यात हसलो. विम्यासाठी मात्र ज्योतिषीच लागतो.

आता सरकारी योजना. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच आहे आणि वंध्यत्वाचे उपचार त्यातून वगळलेले आहेत. आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आता ५ लाखांवर गेली; तिच्या उपचारांच्या लांबलचक यादीत आयव्हीएफला जागा मिळालेली नाही.

मग आयव्हीएफ हा आजाराचा उपचार आहे, असं सरकार कुठेच मानत नाही का? मानतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी २०११ पासून प्रतिपूर्ती आहे : एका प्रयत्नाला ६५,००० रुपयांपर्यंत, असे तीन प्रयत्न. म्हणजे तोच आजार दिल्लीच्या पगारपत्रकावर असेल तर आजार. भाताच्या खाचरात असेल तर हौस.

कायदाही विम्याचं नाव घेतो. २०२१ चा सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायदा सांगतो की बीज देणाऱ्या बाईचा बारा महिन्यांचा विमा उतरवलाच पाहिजे. सरोगसी कायदा सांगतो, सरोगेट मातेचा छत्तीस महिन्यांचा. दोन्ही तरतुदी न्याय्य आहेत. पण त्या विम्याचा हप्ता भरायचा तो याच जोडप्यानं, ज्याच्या स्वतःच्या पॉलिसीत सतरा नंबर आहे.

बाहेर बघायचं असेल तर बघा. जपाननं एप्रिल २०२२ पासून आयव्हीएफ सरकारी विम्यात घेतलं. बाई चाळिशीच्या आत असेल तर सहा प्रयत्न. इस्रायल दोन मुलं होईपर्यंत, पंचेचाळिशीपर्यंत खर्च उचलतो. त्यांना मुलं हवी आहेत म्हणून ते पैसे देतात. आपल्याला मुलं हवी आहेत म्हणून आपण प्रश्न विचारतो.

धडा पाचवा : पैसा उभा करणे

पायरी एक, सोनेतारण. पतसंस्थेत ओळखीचा शिपाई नसेल अशी शाखा निवडावी. पायरी दोन, भिशी. नंबर लवकर लागावा म्हणून कारण सांगावं लागतं. घराचे पत्रे बदलायचे आहेत हे कारण दर पावसाळ्यात चालतं. पायरी तीन, मॅडमच्या खोलीतच मिळणारा हप्ता. ‘नो कॉस्ट ईएमआय’ ही योजना आधी मोबाइलला होती, नंतर फ्रीजला आली, आता पाळण्याला आली आहे. प्रयत्न फसला तरी हप्ता फसत नाही. तो महिन्याच्या पाच तारखेला न चुकता येतो.

पायरी चार, जमीन. दिघी बंदराच्या औद्योगिक पट्ट्याची चर्चा सुरू झाल्यापासून तालुक्यात चहाच्या टपरीवरही गुंठ्याचा भाव फुकट कळतो. दोन-चार गुंठे काढले की प्रश्न सुटला असं वाटतं. मग सातबारा उघडतात. त्यावर आजोबांच्या सगळ्या लेकरांची नावं, त्यातले दोघे सुरतेला, एक आत्या डोंबिवलीला, एक वारलेले. सगळ्यांच्या सह्या लागतात आणि प्रत्येक सहीमागे एक प्रश्न असतो : ‘कशाला इकताव रे? काय नड आली?’ इथे साहित्यातला क्रमांक पाच उपयोगी येतो.

जमीन कुणाच्या हाती जाईल म्हणून वारस हवा असतो. वारस हवा म्हणून जमीन जाते. हिशेब नीट जुळतो.

धडा सहावा : समारंभातील वर्तन

इंजेक्शनं सुरू असताना तालुक्यात हटकून एक लग्न आणि एक बारसं निघतं. टाळता येत नाही. टाळलं तर ‘दुसऱ्याचं बघवत नाही’ असं होतं. अंडाशय सुजलेले असतात, पोट फुगलेलं असतं, साडीची निरी बसत नाही. रात्री नऊच्या इंजेक्शनासाठी मांडवामागच्या मोरीत जायचं असतं, मोबाइलच्या उजेडात पेन धरून, पोटाला चिमटीत घेऊन. बाहेर येताच आत्याबाई हात धरतात, पोटाकडे बघतात आणि चेहरा उजळतो.

‘काय गो, सांगितलंस नाय ते?’

या प्रश्नाचं उत्तर या मार्गदर्शिकेत नाही. आम्ही बराच विचार केला. त्या मायेनंच विचारतात, हीच अडचण आहे. 

धडा सातवा : निकाल

गर्भ सोडल्यावर साधारण दोन आठवड्यांनी रक्ताची तपासणी होते. तिला सगळे ‘बीटा’ म्हणतात. अहवाल व्हॉट्सअॅपवर येतो, बहुतेक नवऱ्याच्या फोनवर, तो कामावर असताना. मशीनच्या आवाजात तो कारखान्याच्या बाहेर येऊन उघडतो. आकडा मोठा असेल तर पेढे. लहान असेल तर बायकोला फोन कसा करायचा याचा विचार करत तो भिंतीला टेकून उभा राहतो आणि शिफ्टचा भोंगा होतो.

पस्तिशीच्या आतल्या बाईलाही एका प्रयत्नात यश साधारण तीनात एकदा. वय वाढतं तसं कमी. कोणताही प्रामाणिक डॉक्टर हे आधी सांगतो. बिल मात्र दोन्ही निकालांना सारखंच. नापास झालेल्यांना पुढच्या वेळी तीन प्रयत्नांचं सवलतीचं पॅकेज दाखवतात.

परिशिष्ट : चेष्टा सोडून

२०२१ चा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. केंद्राकडे नोंदणी आहे का, ते प्रमाणपत्र बघा. यशाची शक्यता, धोके, दुष्परिणाम आणि खर्च आधी समजावून सांगणं केंद्रावर बंधनकारक आहे. खर्च लेखी मागा. प्रत्येक केंद्रात तक्रार कक्ष असलाच पाहिजे. एका वेळी एकच गर्भ सोडायचा हा नियम आहे, खास परिस्थितीतच जास्त. ‘जुळी होतील, एकाच खर्चात दोन’ या आमिषाला भुलू नका, आईच्या जिवाला ते महाग पडतं. बाईचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५. मुलगाच हवा म्हणणाऱ्याला आणि देतो म्हणणाऱ्याला, दोघांनाही तुरुंग आहे.

आणि खासगीच्या काचेच्या दारात शिरण्याआधी सरकारी दार ठोठावून बघा. मुंबईच्या कामा रुग्णालयात राज्य सरकारनं आयव्हीएफ केंद्र काढलं आहे. गोव्यानं २०२३ साली बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हे उपचार मोफत सुरू केले. माणगावला थांबणारी मांडवी एक्स्प्रेस एका टोकाला मुंबईला आणि दुसऱ्या टोकाला मडगावला जाते. मधल्या पूर्ण कोकणपट्टीला जे मिळत नाही, ते एका छोट्या राज्यानं करून दाखवलं.

शेवटी थोडा इतिहास, कारण परीक्षेला तोच येतो. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नानं देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ साली त्यांनी जीव दिला. त्यानंतर ६ ऑगस्ट १९८६ रोजी, परळच्या त्याच संशोधन संस्थेच्या साथीनं डॉ. इंदिरा हिंदुजांनी जो जन्म शास्त्रीय पुराव्यासह नोंदवला, तो कुठे झाला? केईएममध्ये. महापालिकेच्या, केसपेपर काढून रांगेत बसायच्या रुग्णालयात. माणगाव तालुक्यातल्या कित्येक घरांचे आजोबा परळ-लालबागच्या गिरण्यांत होते. आजारी पडले की ते याच केईएमच्या ओट्यावर बसत. हे शास्त्र आपल्याकडे गरिबाच्या दवाखान्यात उभं राहिलं आणि चाळीस वर्षांत त्याच गरिबाच्या हाताबाहेर गेलं. तंत्र महाग आहे हे खरं. पण सोन्यापासून सातबाऱ्यापर्यंत सगळा भार एका जोडप्यावर टाकायचा, हा निर्णय तंत्राचा नाही, धोरणाचा आहे.

त्यावरचा उपायही परळहूनच आला आहे. खर्च मोजणाऱ्या त्या संस्थेनं सुचवलं की आयव्हीएफचा एक प्रयत्न सरकारी योजनेत घ्यावा आणि त्यासाठी ८१,३३२ रुपयांचं पॅकेज ठेवावं. आकडा तयार आहे, योजना तयार आहे, कार्डं घरोघरी पोचलेली आहेत. यादीत एक ओळ वाढवायची आहे.

तेव्हा स्वाध्याय एकच. ८१,३३२ हा आकडा पाठ करा. येत्या निवडणुकीत आमदार-खासदार हात जोडून दारात येतील, बारशाला येतील, पूजेला येतील, तेव्हा रस्ता आणि समाजमंदिराच्या आधी हा आकडा त्यांना विचारा. ज्यांच्या घरात मुलं खेळताहेत त्यांनी जास्त मोठ्यानं विचारा; कारण ज्यांना गरज आहे ते चारचौघांत विचारू शकत नाहीत.